युकिओ ओझाकी : जपानी लोकसत्तेचे वृद्ध पहारेकरी

विजयी पुरुषांची चरित्रे सर्वांच्या तोंडी असतात. ज्याने साम्राज्य स्थापिले अथवा शत्रूचा पाडाव केला, त्याचे नाव शाळेतील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु आज आम्ही आमच्या वाचकांपुढे ज्यांचे चरित्र ठेवीत आहो, त्यांच्या वाट्यास सभागृहात विजयापेक्षा पराजयच अधिक आले. त्यांचा अत्यंत आवडता ठराव 38 विरुद्ध 285 मतांनी फेटाळला गेला. ज्या युद्धापासून स्वदेशास परावृत्त करण्यासाठी त्यांनी प्राण पणास लावले, ते युद्ध अखेर झालेच. असे असूनही त्यांच्या मतदारांनी त्यांस लागोपाठ 25 वेळा निवडून दिले आणि 1890 पासून 1953 पर्यंत, म्हणजे सुमारे 63 वर्षे, ते जपानच्या प्रतिनिधिगृहात आपल्या जागी बसून राहिले. पराभूत होऊनही ज्यांनी आपली जागा सोडली नाही, अशा या युकिओ ओझाकी नामक वृत्तपत्रकार-मुत्सद्द्याचे चरित्र विद्यार्थ्यांस विशेष मननीय वाटेल, अशी आमची खात्री आहे.

ओझाकी यांचा जन्म 1858 साली सागामी प्रांतातील मातानो या खेड्यात झाला. त्या वेळी जपानात शोगुन सरदारांचा अंमल चालू होता. ओझाकी दहा वर्षांचे होण्याच्या सुमारास, 1868 साली, ती सत्ता कोसळली आणि सम्राट मेइजी यांच्या नावाने नवे राज्य सुरू झाले. वडील या नव्या सरकारात अधिकारी होते. त्यांची नेमणूक ताकासाकी येथे असताना, प्रकृतीने अशक्त असलेल्या या मुलास आरोपींचा छळ व गुन्हेगारांचा शिरच्छेद ही दृश्ये पाहावी लागली. मुलगा धीट व्हावा हा त्यातील हेतू असेल. परिणाम मात्र निराळा झाला. राजसत्तेच्या हाती केवढे भयंकर शस्त्र असते, आणि त्यास कायद्याची मर्यादा नसेल तर काय घडते, याचा जणू पहिला धडाच त्यांस तेथे मिळाला. पुढे वडिलांची बदली इसे प्रांतात झाली. तेथे ओझाकी इंग्रजी शिकले. हाच प्रदेश पुढे मिए जिल्हा म्हणून प्रसिद्धीस आला व त्याने त्यांस आयुष्यभर पार्लमेंटात पाठविले.

1874 साली ते शिक्षणासाठी तोकिओस आले व फुकुझावा युकिची यांच्या केइओ या सुप्रसिद्ध विद्यालयात दाखल झाले. पाश्चात्त्य विद्या आणि स्वावलंबन यांचा त्या काळी जपानात फुकुझावांसारखा दुसरा पुरस्कर्ता नव्हता. याच सुमारास अलेक्झांडर क्रॉफ्ट शॉ या मिशनऱ्यांशी ओझाकींचा परिचय होऊन 1875 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढील आयुष्य त्यांनी धर्मकार्यात नव्हे, तर राजकारणात वेचिले. परंतु आमच्यासारख्या मिशन शाळेच्या वाचकांस एवढे सांगावयास हरकत नाही की, सत्तेपुढे सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकावयाची नाही हा त्यांचा बाणा त्या तरुण वयापासून अखेरपर्यंत ढळला नाही.

तारुण्यात आपला मार्ग कोणता हे ओझाकींसही लवकर उमगले नाही. कोणाची चाकरी न करता पोट भरता यावे म्हणून ते केइओ सोडून रंगविद्या शिकण्यासाठी सरकारी शिल्पविद्यालयात गेले; परंतु त्यांचे मन तेथे रमले नाही. मात्र याच सुमारास सात्सुमा गटाच्या वर्चस्वावर टीका करणारा त्यांचा एक लेख वर्तमानपत्रात छापून आला आणि लोकांस आवडला. आपला हात रंगाच्या पिंपात नव्हे, तर शाईच्या दौतीत बुडविण्यासाठीच आहे, हे त्यांस त्या दिवशी कळले असावे.

1879 साली फुकुझावांच्या शिफारशीने ते नीइगाता येथील वर्तमानपत्राचे मुख्य संपादक झाले. वय अवघे वीस वर्षांचे. निघण्यापूर्वी ते गुरूंच्या दर्शनास गेले असता घडलेली एक गोष्ट त्यांनी पुढे स्वतःच मोठ्या गमतीने सांगितली आहे. लेख कोणासाठी लिहिणार असे फुकुझावांनी विचारले. सुशिक्षित व विचारी लोकांसाठी, असे शिष्याने मोठ्या ऐटीत उत्तर दिले. त्यावर गुरूंनी त्यांस वेड्यात काढले व बजावले की, माकडालासुद्धा समजेल असे लिहावे, आपण स्वतः तसेच लिहीत असतो. ओझाकींस त्या वेळी हा उपदेश मुळीच रुचला नाही. परंतु पुढे खेड्यापाड्यांतील हजारो श्रोत्यांपुढे उभे राहण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्यातील मर्म त्यांस पटले. राज्यकारभार लोकांनी चालवावयाचा असेल, तर तो लोकांस समजेल अशा भाषेत सांगितलाच पाहिजे. निबंधात अवघड शब्दांची आरास मांडणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनीही ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

1881 साली ओकुमा शिगेनोबू या उदार मताच्या प्रधानांनी ओझाकींस सरकारी नोकरीत घेतले. परंतु पार्लमेंट लवकर स्थापावे असा आग्रह धरल्यामुळे त्याच वर्षी ओकुमांस अधिकारावरून दूर व्हावे लागले व त्यांच्याबरोबर ओझाकींनीही नोकरीचा त्याग केला. मात्र 1890 साली पार्लमेंट देण्याचे वचन सरकारास लोकमतापुढे द्यावेच लागले. 1882 साली ओकुमांनी सनदशीर सुधारणेचा पुरस्कार करणारा कैशिन्तो पक्ष काढला. ओझाकी त्याचे एक संस्थापक होते आणि ‘होची’ या वर्तमानपत्रातून त्याच मतांचा प्रसार करीत होते. त्या काळी लेखणी आणि व्यासपीठ ही जणू एकाच रथाची दोन चाके होती.

सरकारास ही चळवळ सहन झाली नाही. डिसेंबर 1887 मध्ये एक कडक हुकूम एकाएकी निघाला व सुमारे 570 चळवळ्यांस राजवाड्यापासून बारा किलोमीटरांच्या परिसराबाहेर घालवून देण्यात आले. ओझाकींस तीन वर्षांची हद्दपारी मिळाली. हा हुकूम इतका अनपेक्षित होता की, त्यांनी आपले ‘गाकुदो’ हे टोपणनाव उच्चार तोच ठेवून निराळ्या अक्षराने लिहावयास प्रारंभ केला. त्या अक्षराचा अर्थ चकित झालेला असा आहे! संकटातही ज्याची विनोदबुद्धी शाबूत राहते, त्यास सत्ता सहसा नमवू शकत नाही. हद्दपारीचा काळ ओझाकींनी फुकट दवडिला नाही. ते अमेरिकेस व तेथून इंग्लंडास गेले आणि ज्या संस्थेविषयी आजवर केवळ लिहिले होते, त्या पार्लमेंटचे कामकाज त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

ते परदेशी असतानाच 1889 साली जपानची राज्यघटना जाहीर झाली आणि 1890 च्या जुलैत पहिली निवडणूक झाली. प्रतिनिधिगृहाच्या जागा 300 होत्या. परंतु पंधरा येन वा अधिक प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पंचवीस वर्षांवरील पुरुषांसच मताधिकार असल्यामुळे चार कोटींच्या देशात मतदार केवळ साडेचार लाखांच्या आसपास होते. त्या अरुंद दरवाजातून ओझाकी आत गेले. हा दरवाजा रुंद करणे हेच पुढे त्यांचे एक जीवितकार्य झाले.

1898 साली ओकुमांच्या प्रधानमंडळात ते शिक्षणमंत्री झाले. तेव्हा त्यांस चाळिशीही लागली नव्हती. परंतु एका भाषणाने हे पद गेले. देशात धनाची पूजा किती वाढली आहे हे दाखविताना त्यांनी अशी कल्पना केली की, उद्या जपानात प्रजासत्ताक आले, तर मित्सुई आणि मित्सुबिशी या धनाढ्य पेढ्यांचेच पुढारी अध्यक्षपदास उभे राहतील. टीका द्रव्यलोभावर होती. परंतु विरोधकांनी त्यातील प्रजासत्ताक हा एकच शब्द उचलला आणि हा सम्राटाचा द्रोह होय असा गिल्ला केला. ओझाकींस राजीनामा द्यावा लागला. एका शब्दावरून माणसास बदनाम करण्याची ही युक्ती त्यांच्यावर पुन्हा एकदा योजली जाणार होती. ती हकीकत पुढे येईलच.

1903 पासून 1912 पर्यंत ते तोकिओचे नगराध्यक्षही होते. या काळातील एक मधुर आठवण आजही जगास ज्ञात आहे. 1904–05 च्या रशिया-जपान युद्धाचा तह अमेरिकेच्या मध्यस्थीने झाला होता. त्या मैत्रीची खूण म्हणून वॉशिंग्टन शहरास चेरीची झाडे भेट द्यावी असे ठरले. 1910 साली पाठविलेल्या 2,000 झाडांस कीड लागलेली आढळली आणि ती सर्व जाळून टाकावी लागली. दुसरा एखादा असता तर मानभंग झाला म्हणून रुसून बसला असता. परंतु ओझाकींनी निरोगी रोपे मुद्दाम वाढवून घेऊन 3,020 झाडे पुन्हा पाठविली. मार्च 1912 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी श्रीमती टॅफ्ट व जपानी वकिलांच्या पत्नी यांच्या हस्ते पहिली रोपे लागली. पुढे या दोन राष्ट्रांत घनघोर युद्ध झाले आणि संपलेही. झाडे मात्र फुलतच राहिली. याच काळात, 1905 साली, ओझाकींचा द्वितीय विवाह थिओडोरा या विदुषीशी झाला. तिचे वडील जपानी व आई इंग्रज होती आणि जपानी लोककथा इंग्रजीत आणणारी लेखिका म्हणून तिचा लौकिक होता.

आता आपण ओझाकींच्या जीवनातील अत्यंत तेजस्वी प्रसंगाकडे वळू. जपानच्या राज्यपद्धतीत एक मोठे छिद्र होते. सेनामंत्री हा सेनापतींपैकीच असावा असा नियम असल्यामुळे सेनेने आपला माणूस देण्याचे नाकारले की प्रधानमंडळ कोसळत असे. 1912 च्या अखेरीस दोन नव्या पलटणींची मागणी अमान्य होताच सेनेने हेच केले व साईओंजी यांचे प्रधानमंडळ पडले. त्यांच्या जागी आलेले जनरल कात्सुरा हे अडचण आली की सम्राटाचे आज्ञापत्र पुढे करीत. सम्राटाचे नाव निघाल्यावर बोलणार कोण? 5 फेब्रुवारी 1913 रोजी ओझाकी बोलावयास उठले. समोर बसलेल्या कात्सुरांकडे रोखून पाहत त्यांनी सांगितले की, हे लोक राजनिष्ठेचा घोष करीत असले तरी सिंहासनाचा तट करून त्यामागे दडतात आणि आज्ञापत्रांच्या गोळ्या करून विरोधकांवर झाडतात. सारे सभागृह स्तब्ध झाले. पाच दिवसांनी सभागृहाभोवती प्रचंड जमाव लोटला, शहरात दंगल उसळली आणि कात्सुरांनी अधिकार सोडला. जपानात लोकक्षोभाने प्रधानमंडळ पडण्याचा हा पहिलाच प्रसंग. तेव्हापासून ओझाकी व त्यांचे स्नेही इनुकाई त्सुयोशी यांस लोक राज्यघटनेचे दैवत म्हणू लागले.

चरित्रलेखकाने नायकाचे दोष झाकू नयेत, असे आमचे मत आहे. ओझाकी प्रारंभापासून शांततावादी नव्हते. 1884 साली वार्ताहर म्हणून शांघायला जाऊन आल्यापासून चीनविरुद्ध कडक धोरण असावे असे ते आग्रहाने प्रतिपादीत, आणि 1894 च्या चीन-जपान युद्धाचेही ते पुरस्कर्ते होते. 1915 साली ज्या ओकुमा प्रधानमंडळाने चीनपुढे एकवीस अन्याय्य मागण्या ठेविल्या, त्यात ओझाकी न्यायमंत्री होते. परंतु पहिले महायुद्ध संपल्यावर 1919 साली त्यांनी युरोपचा प्रवास केला आणि उजाड झालेली रणांगणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. त्या दर्शनाने साठी ओलांडलेल्या या माणसाने आपले जुने मत टाकून दिले. पंचविशीत मत बदलणे सोपे असते. साठीत, साऱ्या जगाने आपली जुनी भाषणे ऐकलेली असताना, आपण चुकलो हे कबूल करण्यास मोठे मानसिक धैर्य लागते.

1921 च्या फेब्रुवारीत त्यांनी आरमारी शस्त्रास्त्रे कमी करण्याचा ठराव मांडला. 38 विरुद्ध 285 हा जो पराभव आम्ही आरंभी सांगितला, तो हाच. परंतु सभागृहात हरलेला हा वीर लोकांकडे गेला. गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी श्रोत्यांस पोस्टकार्डे वाटली व ठराव मान्य आहे की नाही एवढेच लिहून धाडण्यास सांगितले. एकतीस हजारांवर कार्डे परत आली आणि त्यांतील शेकडा 92 हून अधिक कार्डांवर ठरावास अनुकूल मत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस वॉशिंग्टन येथे आरमारकपातीची परिषद भरली व जपाननेही तीत भाग घेतला. याच काळात सर्व प्रौढ पुरुषांस मताधिकार मिळावा म्हणून ते झटत होते. 1925 साली तो कायदा झाला व मतदारांची संख्या सुमारे 33 लाखांवरून सव्वा कोटीच्या आसपास गेली. पहिल्या निवडणुकीतील तो अरुंद दरवाजा असा पस्तीस वर्षांनी उघडला.

परंतु लवकरच काळरात्र आली. 1931 साली जपानी सेनेने मांचुरियावर आक्रमण केले, तेव्हा ओझाकी परदेशी होते. 15 मे 1932 रोजी त्यांचे जुने सहकारी इनुकाई हे मुख्य प्रधान असताना आरमारी तरुण अधिकाऱ्यांनी त्यांस गोळ्या घातल्या. डिसेंबर 1932 मध्ये पत्नी थिओडोरा लंडन येथे निवर्तली. देशात परतावे तर मारेकरी वाट पाहत आहेत, अशी स्थिती. थडग्यावरील शिळेच्या ऐवजी म्हणून आपले अखेरचे विचार लिहून ठेवून 1933 साली ओझाकी मायदेशी परतले. 1936 साली लष्करी बंडवाल्यांनी आणखी मंत्री ठार केले. तरी फेब्रुवारी 1937 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ओझाकी सभागृहात उभे राहिले आणि राजकारणातील सेनेच्या ढवळाढवळीवर त्यांनी प्रखर हल्ला चढविला. त्या दिवशी त्यांच्या खिशात मृत्यूसमयी ठेवावयाची कविता लिहिलेली होती. कारण घरी जिवंत परतण्याची त्यांस खात्री नव्हती. महाभारतातील द्यूतसभेत भीष्माचार्यांसारखे ज्ञानी पुरुषही अधोवदन बसले, याची खंत आपणास आजही वाटते. जपानच्या सभेतील या पितामहांनी मात्र मौन धरिले नाही.

1942 च्या एप्रिलात, महायुद्ध ऐन भरात असताना, तोजो सरकारने निवडणूक घेतली आणि सरकारच्या पाठबळाने 466 शिफारशी उमेदवार उभे करण्यात आले. हा घटनेचा भंग आहे असे ओझाकींनी तोजोंस उघड पत्र लिहून कळविले. नंतर आपले स्नेही तागावा यांच्या प्रचारसभेत त्यांनी, संपत्ती मिळविणाऱ्याचा नातू घर विकावयास काढतो, या अर्थाच्या एका जुन्या वचनाचा दाखला दिला. आजोबांचे श्रम नातवंडांस कळत नाहीत, त्याप्रमाणे राज्यघटनेसाठी झालेले श्रम नवी पिढी विसरली, असा त्यांचा आशय होता. परंतु त्या वेळचे सम्राट हे मेइजींचे नातू होते! हा सम्राटाचा अपमान ठरवून 83 वर्षांच्या या वृद्धास अटक करून सुगामोच्या तुरुंगात नेले. मतदारांनी त्यांस तरीही निवडून दिले. डिसेंबरात खालच्या न्यायालयाने त्यांस आठ महिन्यांची शिक्षा सांगितली, मात्र ती दोन वर्षे तहकूब ठेविली. ओझाकींनी वर दाद मागितली. आणि जून 1944 मध्ये, तोजो अधिकारावर असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने त्यांस निर्दोष सोडले. तोफांच्या गडगडाटातही न्यायाचा आवाज ऐकू येऊ शकतो, याचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

1945 साली जपान शरण गेले. आता ओझाकींचा शब्द खरा ठरला होता. परंतु जळालेल्या शहरांकडे पाहून खरे ठरल्याचा आनंद कोणास होईल? डिसेंबर 1945 मध्येच त्यांनी सभागृहापुढे नवा विचार ठेविला. तो असा की, सर्व राष्ट्रांचे एक जागतिक संघराज्य झाल्याखेरीज युद्धे थांबणार नाहीत. एप्रिल 1946 मध्ये जपानी स्त्रियांनी प्रथमच मतदान केले आणि 39 स्त्रिया निवडून आल्या. 1947 साली नवी घटना अमलात आली. जी लोकसत्ता ओझाकींनी विशीत लेखणीने मागितली होती, ती त्यांस नव्वदीच्या उंबरठ्यावर दृष्टीस पडली.

1953 च्या निवडणुकीत ते प्रथमच पराभूत झाले. पंचवीस वेळा लोकांनी दिलेला कौल ज्यांनी शिरसावंद्य मानिला होता, त्यांस हा सव्विसावा कौलही लोकांचाच होता. प्रतिनिधिगृहाने त्यांस आपले पहिले सन्माननीय सभासद करून घेतले आणि तोकिओने सन्माननीय नागरिकत्व दिले. 6 ऑक्टोबर 1954 रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, ते कैलासवासी झाले. 1960 साली पार्लमेंटजवळ त्यांच्या स्मरणार्थ एक सभागृह बांधण्यात आले. त्या आवारातील घड्याळाचा मनोरा तीन बाजूंचा आहे. कायदा करणारे, राज्य चालविणारे व न्याय देणारे अशा तीन सत्ता एकमेकींपासून निराळ्या असाव्या, हे तत्त्व त्यातून सुचविले आहे.

ओझाकींनी युद्ध थांबविले नाही, मग त्यांच्या श्रमांचे फळ काय, असा प्रश्न एखादा वाचक करील. त्यास आमचे उत्तर असे की, पहारेकऱ्याच्या हाती वादळ थोपविणे नसते. रात्रभर जागे राहून वेळीच हाक देणे एवढेच त्याचे कर्तव्य असते. ज्या सभागृहात सारे एकसुराने माना डोलवितात, तेथे एक जरी मनुष्य उभा राहून नाही म्हणाला, तरी ते सभागृह जिवंत आहे असे समजावे. जपानात उजाडले तेव्हा लोकसत्ता ही केवळ जेत्यांनी आणून दिलेली परकी वस्तू आहे, असे कोणास म्हणता येऊ नये, एवढी पुंजी या वृद्धाने तीन पिढ्या सांभाळून ठेविली होती.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण पुढे सभागृहात बसतील हे आम्हांस सांगता येत नाही. परंतु वर्गात, खेळाच्या मैदानावर अथवा मित्रमंडळीत, सारे एकीकडे आणि सत्य दुसरीकडे असा प्रसंग प्रत्येकावर केव्हा ना केव्हा येतोच. त्या वेळी 38 मतांच्या बाजूस बसलेल्या या पहारेकऱ्याची त्यांस आठवण व्हावी, एवढीच आमची इच्छा आहे.